गाढवचढावर हॉलिंगर मोटारीची स्वारी

श्रीखंडेराव समर्थ. निजामशाही मुलुखी, सुभे औरंगाबाद, तालुके भोकरदन, मौजे बोरखेडी येथील राजमान्य राजश्री रामराव देशमुख यांनी अमेरिकन मोटारीनिशी गाढवचढ कैसा जिंकिला, हे वर्तमान पुसावयाची मर्जी जाहाली. त्यास, पाहिले ते आणि खात्रीचे ऐकिले ते, कोणाची भीड न धरिता सांगतो. एकाग्र चित्ते परिसावे.

आधी मोटारीचे कूळ. सात समुद्रांपलीकडे अमेरिका नामे मुलूख, तेथे हॉलिंगर नामे एक शेतकऱ्याचे पोर. त्यास नांगराचा कंटाळा आणि यंत्राचा नाद. बापाने समजाविले, ऐकेना. मग घर सोडून शहरी गेला, आणि भट्टीपाशी बसून चार चाकांची गाडी केली, जी घोड्यावाचून धावे आणि धावताना घोड्याहून अधिक खिंकाळे. पुढे भागीदारांशी भाऊबंदकी करून त्यांस बाहेर काढिले आणि स्वतः तख्तनशीन जाहाला. मग असा कारखाना उभारिला की एका दारी लोखंड जावे आणि दुसऱ्या दारी मोटार निघावी. चाकरांस मुशाहिरा इतरांहून चांगला देई, आणि मग त्यांच्या घरी जासूद पाठवून पाही की चुलीवर काय शिजते आणि बाटलीत काय आहे. आमच्या देशमुखांसही हीच विद्या अवगत, फक्त ते मुशाहिरा देत नसत. ऐशा रीतीने हॉलिंगरसाहेबाचा लौकिक दिगंती गेला की हा गरिबाचा वाली, आणि त्याची मोटार कोठे अडत नाही.

हा इतिहास देशमुखांस जालन्यातील मस्तगडच्या दलालाने सांगितला. दलाल मोठा वक्ता. म्हणाला की साहेब, ही मोटार डोंगर चढते, नदी उतरते, मालकाची इभ्रत वाढविते. देशमुखांनी तिसरी गोष्ट तेवढी ऐकिली आणि मोटार घेतली. सोबत उस्मान नामे ड्रायव्हर नोकरीस ठेविला. हा जालन्याचाच, अंगाने सडपातळ आणि बोलण्यात लठ्ठ. आपल्याविना कंपनीचा कारखाना बंद पडेल, असे तो उघड सांगे.

मोटार बोरखेडीस आली तेव्हां बैलांनी दावी तोडिली, कुत्री गाव सोडून गेली आणि देशमुखीण सगुणाबाईसाहेब पडद्याआडून पाहून म्हणाल्या, “लई काळी हाय.” बाकी सर्वत्र जयजयकार जाहाला.

आता कलहाचे कारण. बोरखेडीच्या शेजारी काकासाहेबांचे गाव. काकासाहेब म्हणजे देशमुखांचे चुलत बंधू, सबब जन्माचे वैरी. दोहों गावांमध्ये एक टेकडी, वर खंडोबाचे ठाणे आणि मोठा माळ. माळ कोणाचा याचा वाद दोघांच्या बापांपासून चालत आला. त्या माळावर आसराबाई धनगरीण आणि तिच्या भावकीची मेंढरे चरत. देशमुखांस दरसाल एक घोंगडी आणि एक बोकड पोहोचे, म्हणून ते चरू देत. काकासाहेबांच्या मनी तो माळ मोडून कापूस लावावा, तो सरकी काढावयास जालन्याच्या जिनात पाठवावा, आणि मेंढरांस नदीपार हाकावे. तिकडे पाणी होते, चारा नव्हता. हे आसराबाई जाणून होती. ती उतारवयाची बाई, नवरा मागेच वारला, भावकी तिच्या शब्दाबाहेर नसे.

तो चैत्र महिना. एका लग्नाच्या पंगतीत देशमुखांनी मोटारीचे वर्णन आरंभिले, ते पुरणपोळीपासून विड्यापर्यंत संपेना. तेव्हां काकासाहेबांचा क्रोध अनावर होऊन ते भर मांडवात उभे राहिले आणि म्हणाले, “रामराव, तुमचं हे काळं डबडं गाढवचढावून खंडोबाला नेऊन दाखवा. चढलं तर माळ तुमचा, म्या पुन्हा नाव काढणार न्हाई. न्हाई चढलं, तर माळ माझा.”

गाढवचढ म्हणजे टेकडीची वाट. गाढवेही तेथे विचार करून पाऊल टाकीत, म्हणून हे नाव. देशमुखांनी मिशीस पीळ दिला आणि शर्त कबूल केली. मोटार त्यांची, मिशी त्यांची. मेंढरे कोणाची हे कोणी पुसिले नाही. बाहेर उष्ट्या पत्रावळींपाशी आसराबाई उभी होती. तिने ऐकिले आणि न जेवता माळावर गेली.

नेमल्या दिवशी पायथ्याशी दोन्ही फौजा उतरल्या. काकासाहेबांनी चिंचेच्या गर्द सावलीत डेरा दिला, तक्क्यास टेकले आणि ऊस सोलवून घेऊन खाऊ लागले. देशमुखांची बाजू उन्हात पडली. सगुणाबाईसाहेब पडद्याच्या दमणीत, म्हणजे हलक्या बैलगाडीत, बसून आल्या. निवाड्यास भोकरदनचे तहसीलदारसाहेब आले, ते येतानाच पुसत आले की जेवण कोणाकडे आहे. आणि धनगर मंडळी आपली मेंढरे आवरून वाटेच्या कडेस उभी राहिली, कोणाचाही जयजयकार न करिता.

मोटारीस झेंडूच्या माळा घातल्या, नारळ फुटला, ताशा वाजला. देशमुख भरजरी पागोटे घालून पुढील आसनी बसले. मागे कुळकर्णी, पाटील आणि त्यांचे व्याही बसले. उस्मानाने हँडल मारिले आणि मोटार गर्जना करीत चढास भिडली. धुरळा उठला, काकासाहेबांच्या हातचे कांडके थांबले. अर्ध्या वाटेपर्यंत मोटार गेली, मग खोकली, मग गप्प जाहाली, आणि मग आली त्याच वाटेने, आली त्याहून जलद, मागल्या मागे पायथ्याशी आली. कुळकर्णी उडी टाकून घाणेरीच्या झुडपात पडले. ही पहिली शिकस्त.

मग मसलत जाहाली की फौज भारी जाहाली. पाटील आणि व्याही उतरविले, दुसरा हल्ला केला. मोटार त्याच ठिकाणी खोकली आणि तैसीच परतली. काकासाहेब हसून हसून उसाच्या चोयट्यांत लोळले.

देशमुखांची मर्जी खप्पा जाहाली. “लेका, कंपनीची गाडी अडत न्हाई म्हन्ले होते ना?”

उस्मान म्हणाला, “कंपनी झूट नै बोलती सरकार. तेलकी टाकी सीटके नीचे है. गाडीका नाक ऊपर हुआ, तो तेल इंजनतक आताच नै. गाडी फिराव, उलटी चढाव, टाकी ऊपर रहती, बराबर जाती. मैं तो घरसे बोल रा था, आप सुनतेच नै.”

“उलटी?” देशमुख गरजले. “म्या पाठीनं चढू? आमच्या घराण्यात रणात कुनी पाठ दाखविली न्हाई. बोलू नगंस.”

येथे इतिहास खोळंबला. देशमुख मागे फिरेनात, मोटार पुढे जाईना. तहसीलदारसाहेबांनी घड्याळ काढिले. काकासाहेब तक्क्यावरून उठले आणि आपल्या कारभाऱ्यास मोठ्याने फर्माविले की उद्या सकाळी नांगर माळावर न्यावे आणि धनगरांस सांगावे की आजच निघावे.

ते ऐकताच आसराबाईच्या भावकीतील बायांनी तोंडास पदर लाविला. एक जण तर वर जाऊन बिऱ्हाड बांधावयास वळली. आसराबाईने तिचा दंड धरिला आणि तशीच तिला घेऊन मोटारीपुढे आली. हातात काठी, डोईस पदर, अंगास मेंढरांचा वास. हुजऱ्याने दटाविले, तिने मानिले नाही.

“मालक, एक इचारू?”

“तुहं काय गं मधीच?”

“काकासायब कुठं हायेत?”

“दिसत न्हाई का? थितं चिचंखाली.”

“खालीच हायेत न्हवं? मंग सुदी गाडी नेली तर तुमची पाठ कोनाला दिसती? त्याह्यलाच. दोनदा दिसली. उलटी नेली, म्हंजी तुमचं तोंड त्याह्यच्याकडं. पार देवळापोत ते तुमच्या मिशा बघत बसतेन.”

देशमुखांनी चढाकडे पाहिले, चिंचेकडे पाहिले, आणि मिशीस हात लाविला. इतक्यात दमणीच्या पडद्याआड हसू फुटले, ते सगुणाबाईसाहेबांचे. मग हसू आवरून आतून आवाज आला, “बाई म्हनती ते बिलकुल खरं हाय. फिरवा गाडी. उन्हानं माझं डोस्कं उठलं.”

देशमुखीणबाईंचा हुकूम मोडावयाची चाल त्या घराण्यात नव्हती. मोटार फिरविली. पिछाडी तीच आघाडी जाहाली. देशमुख गनिमाकडे तोंड करून ताठ बसले, उस्मान मान मोडून मागे पाहू लागला, आणि मोटार ढुंगणाकडून चढास लागली. अर्धी वाट आली, खोकला आला नाही. धनगरांच्या बायांनी पदर सोडिले. जैसी जैसी मोटार वर जाई, तैसे तैसे देशमुखांचे मुख लहान होत जाई, परंतु मिशा अखेरपर्यंत दिसत होत्या, ऐसे चिंचेखालच्या मंडळींनी पुढे शपथेवर सांगितले. खंडोबाच्या पायरीस मोटारीचा मागील भाग टेकला आणि घंटा वाजली. मागोमाग देशमुखांची माणसे आणि धनगर पायी वर पोहोचले, काकासाहेब मात्र चिंचेखालीच राहिले.

काकासाहेबांनी खालून माणूस धाडून तक्रार गुजारिली की पाठीने चढणे हे चढणे नव्हे. तहसीलदारसाहेब पालखीतून वर आले होते, त्यांस भूक अनावर. त्यांनी निवाडा दिला की शर्त मोटार चढावयाची होती, तिचे तोंड कोणीकडे असावे हे ठरले नव्हते, सबब माळ रामरावांचा.

आता विजयी वीरांची रीत पाहावी. देशमुख मोटारीतून उतरले, माळावर नजर फिरविली, आणि पहिला हुकूम फर्माविला की येथे मोटार फिरवावयास मैदान करावे, कडेने तारेचे कुंपण घालावे, आणि मेंढरे दुसरीकडे न्यावी, कारण लेंडीवर चाक घसरते. आसराबाई पाच पावलांवर उभी होती. रडली नाही. काठीवर हनुवटी टेकून मोटारीकडे पाहत राहिली.

तो उस्मान येऊन हळूच म्हणाला, “सरकार, ब्रेकका पट्टा जल गया. अब उतारमें गाडी रुकती नै.”

पायी उतरावे तर खाली काकासाहेब. वर मोटारीतून गेलेला वीर खाली जोडे झिजवीत आला, हे त्यांच्या सात पिढ्यांस पुरले असते. मग आपल्या लोकांस हुकूम केला की मागून दोर धरून मोटार उतरवावी. लोकांनी उताराकडे पाहिले. पाटलांची कंबर धरली, व्याह्यांस गावी जरूर काम निघाले, कुळकर्णी तर वर आलेच नव्हते.

वर उरले धनगर. त्यांजवळ लोकरीचे पीळदार दोर, आणि माणसे दणकट. देशमुख आसराबाईकडे वळले. आवाज उतरला होता.

“आसराबाई, तुह्या मान्सांला सांग ना.”

“सांगते, मालक. पन आमी तर निघून राह्यलो. तुमीच म्हन्ले.”

“मंग काय पायजे?”

“भंडारा उचला. ह्या सायबाम्होरं. माळ मेंढरांचा, तुमच्या बी हयातीत आन् तुमच्या पोरांच्या बी. कुंपन न्हाई, नांगर न्हाई.”

खालून काकासाहेबांच्या लोकांची हाक आली की येता की मुक्काम करता. तेव्हां देशमुखांनी भंडारा उचलिला, कपाळी लाविला, आणि शब्द दिला. तहसीलदारसाहेब साक्षीस राहिले.

मग धनगरांनी मोटारीच्या पिछाडीस दोर बांधिले आणि टाच रोवून एकेक पाऊल सोडू लागले. देशमुख आणि उस्मान आत. अर्ध्या वाटेत एक दोर तटकन तुटला, मोटारीने हिसका घेतला, देशमुखांचे पागोटे उडून दरीत गेले, आणि खासा स्वारीच्या मुखातून शब्द निघाला, “आसराबाई, धर गं माय!”

“धरलंय, मालक,” वरून आवाज आला. तिच्या तळहातांची साले गेली होती. “बसा निवांत. भंडारा तेवढा इसरू नका.”

“न्हाई इसरत! खंडोबाची आन, न्हाई इसरत!”

हे वाक्य पायथ्याशी सर्वांनी ऐकिले. काकासाहेबांनीही ऐकिले. पुढे पाच वर्षांनी देशमुखांच्या मनी पुन्हा कुंपण आले, तेव्हां गावोगाव हेच वाक्य त्यांस सुनाविले गेले, आणि कुंपणाच्या तारा गोठ्यातच गंजल्या.

मोटार पायथ्याशी सुखरूप आली. ताशा वाजला, देशमुखांस ओवाळिले, तहसीलदारसाहेब एकदाचे जेवले. सगुणाबाईसाहेबांनी दमणीतून लोण्याची वाटी आसराबाईच्या हातांस लावावयास पाठविली. जालन्याच्या दलालाने ही वार्ता सर्वत्र पसरविली की आमच्या कंपनीची मोटार शत्रूस पाठ न दाखविता गड चढते, आणि त्या हंगामात आणखी दोन देशमुखांनी मोटारी घेतल्या. हॉलिंगरसाहेबास यातील काही कळले नाही. त्याचा लौकिक मात्र वाढला.

येणेप्रमाणे गाढवचढाची लढाई जाहाली. सरकारदरबारी फत्ते रामराव देशमुखांच्या नावे लागली, तीच येथेही नमूद केली आहे. परंतु माळावर जाऊन कोणी पुसले की ही लढाई कोणी मारिली, तर तेथील धनगर मेंढरांवरची नजर न काढिता सांगतात, “आसराबाईनं.” आणि त्यांस खोटे म्हणण्याचा आधार आम्हांस कोठेही आढळला नाही. इति.