हितेशने केलेला कोर्स

मी एकदा ठरवलं की ठरवलं! आणि दोन हजार पाच साली मी ठरवलं, की बेलवलीच्या आमच्या बिल्डिंगमध्ये सर्वांत जास्त कोर्स केलेला माणूस मीच असणार. निदान हितेशपेक्षा तरी जास्त!

हितेश समोरच्या ब्लॉकमधला. दोघेही बीएस्सी केमिस्ट्री, मार्क माझे जास्त. हे मी आजही सांगतो! पण नुसत्या डिग्रीवर दोघांनाही कोणी उभं करेना. मग या पठ्ठ्याने गुपचूप जीसी, म्हणजे केमिकल तपासायचं मशीन, चालवायचा कोर्स केला आणि अंबरनाथला चिकटला. कुठल्या कंपनीत, ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर ऐकावं लागलं असतं!

आई रोज सुरू.

"हितेशने फ्रिज घेतला."

"घेऊ दे!"

"तूपण तोच कोर्स कर ना, नऱ्या."

"हितेशचं उष्टं मी खाणार नाही!"

जळत होतो हो मी! त्याच्या फ्रिजमधलं गार पाणी प्यायलो तरी घसा भाजायचा. म्हणून तो एक कोर्स सोडून बाकी सगळे केले. स्पोकन इंग्लिश, टॅली, पर्सनॅलिटी डेव्हलपमेंट! विठ्ठलवाडीला जाऊन आग विझवायचाही केला. पोटातली तेवढी विझली नाही.

शेवटी अंबरनाथच्या एका कंपनीने बोलावलं. साहेब उल्हासनगरचे सिंधी.

"अरे वा, इतने कोर्स! जीसी चलाते हो?"

"नाही सर, पण टॅली..."

"टॅलीवाला आहे आपल्याकडे. लॅबला माणूस पाहिजे. बीएस्सी करून जीसी का नाय शिकला?"

पर्सनॅलिटीच्या सरांनी बजावलं होतं, इंटरव्ह्यूत खरं बोला. बोललो!

"हितेशने केला म्हणून!"

"कौन हितेश?"

"आहे एक बेलवलीचा. मार्क माझ्याहून कमी, पण मिजास बघा!"

साहेब गंभीरपणे ऐकत होते. त्यांना पटतंय असं वाटून मी फ्रिजचंही सांगितलं.

त्यांनी बेल दाबली. "लॅब से हितेश को बुलाओ!"

पांढरा कोट घालून हितेश आत आला. झालं! आता हा माझी साफ उतरवणार! उतरवली असती तर परवडलं असतं हो.

"साहेब, घ्या याला. डोकं माझ्यापेक्षा भारी आहे. मशीन मी शिकवतो ना!"

आणि वर हा चांगुलपणा! तिथेच मेलो मी!

असा मी लागलो. ट्रेनी म्हणून, हितेशच्या हाताखाली.

संध्याकाळी पेढे घेऊन घरी गेलो आणि आईला घडलं ते सगळं सांगितलं. म्हटलं, आज तरी आईच्या तोंडी माझं नाव येईल. तिचे डोळे भरून आले. तिने पेढा उचलला, तडक समोरच्या ब्लॉकची बेल वाजवली आणि म्हणाली, "हितेश, आ कर बाळा! तू होतास म्हणून!"

उरलेले पेढे खराब होऊ नयेत म्हणून कुठे ठेवले, ते मात्र विचारू नका. आमच्या मजल्यावर फ्रिज एकच होता!