दौलतराव अस्वल आणि न फुटणारं लिंबू

एका जंगलात, म्हणजे जिथे जंगल संपतं आणि समुद्र सुरू होतो अशा एका जंगलात, दौलतराव नावाचं एक अस्वल राहत होतं. मुलांनो, जंगलाला समुद्र कुठून आला, असं विचारायचं नाही. पुढे या जंगलात गाडी येणार आहे, गाडीत डिझेल असणार आहे आणि अस्वलाच्या अंगावर शेरवानी असणार आहे. ज्यांना या सगळ्याचा त्रास होणार असेल, त्यांनी आत्ताच उठून हातपाय धुऊन अभ्यासाला बसावं.

बसलात का सगळे? ठीक आहे.

तर हे दौलतराव अंगाने दणकट होते, आवाजाने भारदस्त होते, आणि त्यांच्या पंजांची नखं अशी होती की वारूळ असो, मुरूम असो, समोर येईल ते उकरून काढावं. पण अलीकडे त्यांनी उकरणं सोडलं होतं. उकरणं हे आपल्यासारख्यांचं काम नव्हे, असं त्यांना वाटू लागलं होतं. त्यांनी दोन्ही पंजांसाठी पांढरेशुभ्र हातमोजे शिवून घेतले होते आणि ते जेवतानासुद्धा काढत नसत. मध खाताना त्याचं काय होत असेल, ते तुम्हीच बघा.

किनाऱ्याच्या दुसऱ्या टोकाला, कड्याखालच्या गुहेत, आप्पा अस्वल राहत. त्यांची मुलगी केतकी. दौलतरावांनी तिला एकदा मोहाच्या झाडाखाली पाहिलं आणि ते तिच्यात अगदी गुंतले. हे मी चेष्टेने सांगत नाही. बिचाऱ्यांची झोप उडाली होती.

आप्पांची एकच अट होती. जावई स्वतःच्या गाडीतून दारात यायला हवा आणि गाडी चारही चाकांनी ओढणारी हवी. चारही चाकं कशासाठी, हे आप्पांना सांगता आलं नसतं. शेजारच्या रानडुकराच्या जावयाची गाडी दोन चाकांनी ओढायची, एवढंच कारण होतं. केतकीला कुणीतरी उपचार म्हणून विचारलं तेव्हा ती म्हणाली होती की गाडी नसली तरी चालेल, पण वेळेला बरोबर उभा राहणारा असावा. यावर सगळ्यांनी माना डोलावल्या आणि पुन्हा गाडीचा विषय सुरू झाला.

दौलतरावांनी गाडी आणली. लाल रंगाची, उंच आणि रुंद. आत मोठ्या गियरच्या शेजारी आणखी एक छोटा दांडा होता. तो ओढला की चारही चाकांत ताकद यायची. दौलतराव घरासमोर उभ्या उभ्या तो दांडा ओढून बघत आणि समाधानाने खाली उतरत.

साखरपुड्याचा दिवस ठरला. मुहूर्त सूर्य बुडायच्या आत होता, आणि तो चुकला तर सोयरीक मोडली असं आप्पांनी बजावून ठेवलं होतं. आप्पांकडे जायला काजूच्या बागेतून छान टणक रस्ता होता. पण त्या रस्त्याला माणूसकाणूस, म्हणजे जनावर, कुणी नसायचं. गाडी कुणी बघणार नसेल तर ती घेतली कशाला? म्हणून दौलतराव किनाऱ्याने निघाले. तिथे जंगलातली सगळी रिकामटेकडी मंडळी ओहोटीला फिरायला येत. वानरांचा तर तिथे अड्डाच होता, आणि प्रत्येक वानराकडे मोबाईल होता.

पाण्याजवळची ओली वाळू घट्ट असते, वरची कोरडी वाळू मऊ असते. हे दौलतरावांना ठाऊक होतं. पण ओल्या वाळूवरून गेलं तर लाल रंगावर शिंतोडे उडतात. त्यांनी गाडी वरून घेतली. तरीही गाडी बरी चालली होती. चुकून पोचलेही असते. पण वाटेत बगळेगुरुजी उभे होते.

बगळेगुरुजी ओहोटीच्या वेळी किनारा सोडत नसत, कारण डबक्यांत मासे अडकलेले असत. त्यांनी पंख आडवा धरून गाडी थांबवली आणि पूजा झाली का, असं विचारलं. झाली नव्हती. नवी कोरी गाडी पूजेशिवाय मुलीकडच्यांच्या दारात न्यायची म्हणजे काय, असं म्हणत गुरुजींनी तिथेच आसन मांडलं, म्हणजे एक पाय वर घेतला.

हळदकुंकू झालं, हार झाला. नारळ फोडायला दगड मिळेना. वाळूवर आपटला तर तो धप्पकन बसला आणि तिथेच राहिला. मग दौलतरावांनी तो गाडीच्या पुढच्या बंपरवर आपटला. नारळाबरोबर बंपरही फुटला. गुरुजी म्हणाले, हे फारच शुभ झालं.

मग आलं लिंबू. नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवतात, हे तुम्हाला माहीत आहेच. चाक वरून गेलं की ते फचकन फुटतं आणि गाडीला लागलेली नजर त्याच्याबरोबर जाते. मात्र त्यासाठी लिंबाच्या खाली काहीतरी कठीण लागतं. इथे खाली मऊ वाळू होती. चाक वरून गेलं, लिंबू आत गेलं. गुरुजींनी चोचीने उकरून काढलं तर ते जसंच्या तसं होतं, उलट वाळूने घासून थोडं चकचकीत झालं होतं.

गुरुजींचा चेहरा पडला. ते म्हणाले, "दौलतराव, नजर अजून गाडीतच बसली आहे. लिंबू फुटल्याशिवाय इथून हलायचं नाही."

दौलतरावांनी पुन्हा लिंबू ठेवलं आणि जरा जोरात चाक फिरवलं. लिंबू आणखी खोल गेलं, चाकही गेलं. मग त्यांनी तो छोटा दांडा ओढला आणि पाय पूर्ण दाबला. मुलांनो, चारही चाकांनी ओढणाऱ्या गाडीचं वैशिष्ट्य असं की ती चारही चाकांनी रुतते. दोन चाकांची गाडी बिचारी दोनच चाकांनी रुतते, म्हणून तिला मान कमी. इंजिन डरकाळ्या फोडू लागलं, वाळूचे फवारे उडाले, आणि थोड्याच वेळात गाडी पोटावर टेकून आरामात बसली.

बघ्यांनी सल्ले द्यायला सुरुवात केली. कुणी म्हणे मागे घ्या, कुणी म्हणे पुढे घ्या. एका वानराने गाडी हलकी व्हावी म्हणून आतली पेढ्यांची टोपली खाली उतरवून घेतली आणि ती लांब नेऊन रिकामी केली. खरा उपाय गाडीच्या दाराच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरांत चिकटवलेला होता. मऊ वाळूत चाकांतली हवा कमी करावी, चाकांसमोरची वाळू काढावी, गाडी हळू चालवावी. दौलतरावांना तो तोंडपाठ होता. पण हवा कमी केली तर चाकं बसकी दिसणार, आणि अशी चाकं घेऊन आप्पांच्या दारात कसं जायचं? वाळू काढायची तर हातमोजे काढावे लागणार. सगळं जंगल बघत असताना उकरत बसायचं, ही कल्पनाच त्यांना सहन होईना. ते आत बसून पुन्हा पुन्हा पाय दाबत राहिले.

सूर्य कलला. भरती सुरू झाली. आणि किनाऱ्यावरून, जरीच्या साडीचा पदर खोचून, झपाझप चालत केतकी आली.

काय झालं, असं तिने विचारलं. लिंबू फुटत नाही, असं दौलतरावांनी सांगितलं.

केतकीने गाडीकडे पाहिलं, समुद्राकडे पाहिलं आणि गुरुजींकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मग ती म्हणाली, "गाडी राहू द्या इथेच. चालत निघालो तर मुहूर्ताला पोचू."

"चालत?" दौलतराव म्हणाले. "अहो, लोक काय म्हणतील?"

तेवढ्यात एक लाट आली आणि मागच्या चाकांना चाटून गेली. दौलतराव शेरवानी वर धरून टुणकन बाहेर पडले आणि कोरड्या वाळूवर जाऊन उभे राहिले. केतकीला त्यांची दया आली. तिने बांगड्या वर सरकवल्या आणि उकरायला सुरुवात केली. काय उकरलं म्हणून सांगू! चाकांसमोरची वाळू गेली, पोटाखालची गेली. मधेच लिंबू हाताला लागलं, ते तिने मुठीत धरून पिळलं आणि "फुटलं हो, गुरुजी" असं म्हणून समुद्रात फेकून दिलं. नखाने चारही चाकांची हवा थोडी थोडी सोडली. माडाच्या झावळ्या ओढून आणून चाकांखाली घातल्या. मग दौलतरावांना गाडीत बसवलं, हळू चालवायला सांगितलं आणि स्वतः मागून खांदा लावला.

वानरं हे सगळं मोबाईलवर घेत होती. पण केतकीच्या बाजूला वाळू फार उडत होती, काचेवर बसत होती. म्हणून त्यांनी मोबाईल दौलतरावांकडे धरले. दौलतराव उभे राहून बोट दाखवत होते आणि शेरवानी झटकत होते. छान दिसत होते.

गाडी निघाली आणि खालच्या ओल्या, घट्ट वाळूवर आली. केतकी बसायला दार उघडणार तोच दौलतराव खिडकीतून ओशाळून म्हणाले की सीट नवी आहे, अजून कव्हर घातलेलं नाही, तुमच्या अंगाला सगळी वाळू लागली आहे, तर तुम्ही मागून चालत येता का. ती मागून चालत आली.

आप्पांच्या दारात ओवाळायला बायका ताटं घेऊन उभ्या होत्या. गाडी आली. आप्पांनी चारही चाकं मोजून घेतली आणि उशीर का झाला ते विचारलं.

"वाळूत जरा रुतली होती," दौलतराव म्हणाले. "काढली."

"कुणी काढली?"

"मीच काढली. चारही चाकं ओढतात ना."

गाडीमागून धावत आलेल्या वानरांनी लगेच मोबाईल पुढे केले. त्यात दौलतराव बोट दाखवत होते, मग गाडीत बसत होते, मग गाडी बाहेर येत होती. आप्पांना भरून आलं. एवढ्यात कोपरापर्यंत वाळूने माखलेली केतकी दारात पोचली. तिने सगळं ऐकलं होतं. आप्पांनी तिला सांगितलं की बघ, कसा जावई मिळाला, एवढी मोठी गाडी एकट्याने काढली.

केतकी दौलतरावांकडे बघत उभी राहिली. मुलांनो, मी गोष्ट सांगणारा, मला पुढचं माहीत आहे, तरी या जागी आलो की मला वाटतं, बोल रे बाबा, एक शब्द बोल. तेवढ्याने भागलं असतं. दौलतरावांनी केतकीकडे पाहिलं, आप्पांकडे पाहिलं, मोबाईलकडे पाहिलं.

"हो," ते म्हणाले. "मीच."

केतकीने त्यांच्या हातातली किल्ली घेतली आणि वाळू लागलेल्या अंगाने सीटवर बसली. दौलतराव घाईघाईने शेजारी चढले. सगळं जंगल मागे धावलं. तिने गाडी किनाऱ्याने उलटी नेली, बरोबर त्या मऊ जागी वर घातली, छोटा दांडा ओढला आणि पाय दाबून ठेवला. गाडी पुन्हा पोटावर टेकली. मग तिने इंजिन बंद केलं, खाली उतरली आणि किल्ली दौलतरावांच्या पांढऱ्याशुभ्र पंजावर ठेवली.

"तुम्हीच काढली होतीत ना? आता पुन्हा काढा."

आप्पा धापा टाकत आले. असलं स्थळ का मोडतेस, म्हणून तिला विचारू लागले. केतकी म्हणाली, "आप्पा, खोटं बोलले ते मी सोडूनही दिलं असतं. मी उकरत होते तेव्हा ते नुसते माझ्या शेजारी येऊन बसले असते ना, तरी मी हो म्हटलं असतं." आणि ती घरी निघाली.

हे दौलतरावांनी ऐकलं. त्यांनी हळूच एक हातमोजा काढला. आतली नखं अजून शाबूत होती, काळी आणि लांब. ते चाकाजवळ बसले. पाणी अजून चाकांपर्यंतच येत होतं. केतकी फार दूर गेली नव्हती, चालताना तिने एकदा मागे वळून पाहिलंसुद्धा.

पण वानरांनी मोबाईल वर उचलले. दौलतरावांनी ते पाहिलं, आणि हातमोजा पुन्हा घातला.

मग मोठ्या लाटा आल्या. बगळेगुरुजी म्हणत होते की दुसरं लिंबू मिळालं तर बघू. दौलतराव टपावर चढून बसले, आणि केतकी कड्याआड दिसेनाशी झाली तरी तिकडेच बघत राहिले.

तात्पर्य : गाडी बुडाली तर दुसरी घेता येते, आणि स्थळं काय, येतच असतात. पण नखांत एकदा वाळू गेली, की ती लवकर निघत नाही. तेव्हा मुलांनो, हातमोजे जपा.