मधोमध काही नको

शिंत्रेमावशींना लांबून येताना पाहिलं की चंदीगडच्या सेक्टर बावीसच्या बाजारातला फळवाला केळ्यांवर हात ठेवतो. कारण मावशी भाव विचारायच्या आधी फळं हलवतात. सफरचंदांचा ढीग गाडीच्या बरोबर मध्यावर असला की त्यांना बघवत नाही. त्या तो एका कडेला सरकवतात, शेजारी दोनच केळी तिरकी ठेवतात आणि दोन पावलं मागे येऊन बघतात.

"आंटी जी, रेट पूछो, दुकान मत सजाओ," फळवाला म्हणतो.

"सजाता नहीं, सुधारता हूँ," मावशी म्हणतात.

मावशी मूळच्या कोल्हापूरच्या. तिकडच्या बायकांसारखं त्या 'मी आलो', 'मी बसलो' म्हणतात. चंदीगडात उभा जन्म काढला तरी हिंदीसुद्धा त्याच वळणाची. इथल्या एका मोठ्या इस्पितळात त्या चित्रकार होत्या. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया करायची आणि मावशींनी ती विद्यार्थ्यांसाठी कागदावर काढायची, असं काम. आता निवृत्त आहेत, एकट्याच राहतात. मी त्यांच्या वरच्या मजल्यावरचा भाडेकरू, नाशिकचा, मोहालीत दिवसभर संगणकासमोर बसणारा.

मी हौसेनं कॅमेरा घेतला आणि मावशींना म्हणालो, "मला फोटो काढायला शिकवा."

"कॅमेरा कपाटात ठेव. पेन्सिल आण."

पहिले तीन रविवार मी चहाचा कप काढत होतो. पहिल्यांदा तो कागदाच्या मध्यावर काढला.

"मधोमध काय काढालास? हार घालायचाय काय त्याला?"

मग त्यांनी कागदावर दोन उभ्या आणि दोन आडव्या रेघा मारल्या आणि त्या जिथे एकमेकींना छेदतात तिथे कप बसवायला लावला. कप तोच, पण एकदम कुणीतरी आत्ताच पिऊन उठून गेल्यासारखा दिसायला लागला. मला फार आनंद झाला. मावशी म्हणाल्या, "कान वाकडा आलाय कपाचा."

चौथ्या रविवारी कॅमेऱ्याला परवानगी मिळाली. रेघा नजरेला कशा ओढत नेतात ते दाखवायला त्या मला सेक्टर त्रेचाळीसच्या बस अड्ड्यावर घेऊन गेल्या. रांगेत उभ्या बसगाड्या होत्या, पण रेघेच्या टोकाला काहीच नव्हतं. मावशींनी एका कंडक्टरला हाताला धरून तिथे नेऊन उभं केलं. "भाई साब, हिलना मत, तुम बहुत अच्छा जगा पे खडा है." कंडक्टर बिचारा पोट आत घेऊन उभा राहिला. शेवटी त्याच्या बसमधल्या प्रवाशांनी आरडाओरडा करून त्याला सोडवलं.

गणपतीत मराठी मंडळाचा सामूहिक फोटो काढायचं काम त्यांच्याकडे होतं. त्यांनी सगळ्यांना उंचीप्रमाणे नाही, तर कपड्यांच्या रंगाप्रमाणे उभं केलं. त्यात मंडळाचे अध्यक्ष अगदी कडेला गेले. ते अजून रुसलेले आहेत.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी मावशी म्हणाल्या, "मुल्लानपूरला जाऊया. गहू हिरवा असंल आणि मागं अर्धवट इमारती. कशाला पुढं ठेवायचं, कशाला मागं, ते शिकशील."

तासभर मी शेतात वाकून फोटो काढले. मग मावशी एका पोराला पत्ता विचारून गावातल्या एका घराकडे वळल्या. "इथं एक ओळखीची हाय. चहा मिळंल."

दार तिशीतल्या एका बाईनं उघडलं. तिच्या गालावर आणि मानेवर भाजल्याचा जुना व्रण होता. मावशींना बघून ती क्षणभर उभीच राहिली आणि मग तिनं त्यांना मिठी मारली. तिचं नाव गुरमीत. गावातल्या शाळेत शिकवते.

बैठकीत भिंतीवर पेन्सिलीनं काढलेलं एका लहान मुलीचं चित्र होतं. आधी मला तिचे डोळे दिसले. हसू आवरून धरल्यासारखे. गालावरचा व्रण नंतर दिसला. तो लपवलेला नव्हता, त्याची एकेक सुरकुती काढलेली होती.

"मैं सात साल की थी, स्टोव से जल गई थी," गुरमीतनं मला सांगितलं. "वॉर्ड में कोई मुझे मुँह देखने को शीशा नहीं देता था. मैडम जी डॉक्टरों के लिए मेरे ज़ख़्मों के चित्र बनाने आती थीं. काम ख़त्म करके रोज़ मेरे पास बैठती थीं. ये तब बनाया. मैंने शीशा बाद में देखा, पहले ये देखा."

"डर नहीं लगा?"

"नहीं जी. मुझे लगा, अच्छी लड़की है."

मावशी चहाच्या पेल्यात बघत होत्या. निघताना गुरमीतनं त्यांचा हात बराच वेळ सोडला नाही.

परतीच्या बसमध्ये मी विचारलं, "नेहमी येता का हिच्याकडे?"

"पहिल्यांदाच. दर वर्षी फोन करून बोलावते."

"मग इतकी वर्षं का नाही आलात?"

मावशी खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "वाटायचं, एकदा जाऊन आलो की तिचं बोलावणं संपंल. वर्षातनं एवढा एकच फोन येतो मला."

उतरताना त्याच म्हणाल्या, "पुढच्या रविवारी सरसों का साग खायला या म्हणालीय. तू पण चल. कॅमेरा नको आणूस."