निकमकाकांचा अंगठा

निकमकाकांच्या ऑनलाइन दुकानात तांब्यापितळेची बरीच भांडी आहेत आणि त्यातल्या प्रत्येक भांड्याच्या फोटोत एक अंगठा आहे. डाव्या हाताचा, जाडजूड, नख एका बाजूला वाकडं वाढलेलं. निरांजन असो, पळी असो की पाण्याचा हंडा, लग्नाच्या फोटोत कडेला एखादा नातेवाईक घुसतो तसा हा अंगठा हजर. तुम्ही कधी घरबसल्या निरांजन शोधलं असेल आणि मध्येच असा अंगठा बघून दचकला असाल, तर तो आमच्या शेजारच्या निकमकाकांचा होता. त्यांच्या वतीने मी माफी मागते. ते स्वतः मागतील असं वाटत नाही.

इंदिरानगरला आमची दारं समोरासमोर आहेत. काका मूळचे कळवणचे. अंबडच्या एका कारखान्यात त्यांनी सगळी नोकरी मालाच्या तपासणीत काढली. यंत्रातून निघालेल्या सुट्या भागाच्या कडेवरून अंगठा फिरवायचा आणि म्हणायचं, ‘रिजेक्ट.’ पुढे निवृत्त झाले, पण हे खातं त्यांनी घरी आणलं. माझ्या चकल्या त्यांनी उजेडात धरून बघितल्या आहेत. आमच्या नव्या सोफ्याच्या शिवणीवरून अंगठा फिरवून त्यांनी माझ्या नवऱ्याचा आख्खा रविवार घालवला होता. सोसायटीच्या गणपतीची आरास बघून ते ‘रिजेक्ट’ म्हणाले, तेव्हा मात्र मंडळाची पोरं दोन दिवस त्यांच्याशी बोलत नव्हती.

एखादी गोष्ट अगदीच निर्दोष निघाली, तर काका म्हणतात, ‘चालवून घेऊ.’ याच्या वरचं कौतुक नाही. ‘पास’ हा शब्द त्यांच्या तोंडून कोणी ऐकला नव्हता. काकू हसून सांगायच्या, मला बघायला आले तेव्हाही हे घरी जाऊन आईला ‘चालवून घेऊ’च म्हणाले होते.

काकू गेल्या आणि घर एकदम गप्प झालं. मुलगी रेणू जर्मनीत नोकरी करते. तिच्याशी बोलणं हे काकूंचं काम होतं. तासतासभर चालायचं आणि काका शेजारी बसून पेपर वाचल्यासारखं करायचे. आता मध्ये कोणी उरलं नाही. महिन्यादीडमहिन्याने फोन यायचा. ती म्हणायची, बरं आहे ना. हे म्हणायचे, बरं आहे. मग दोघं थोडा वेळ आपापल्या देशात गप्प बसायचे आणि फोन ठेवायचे. आपण होऊन करा की फोन, असं मी म्हटलं की काकांचं उत्तर ठरलेलं, ‘तिला कामं असतात.’ त्यांना वाईट वाटत होतं, हे दिसत होतं. पण ते बोलणार कोणाशी?

दुकान रेणूनेच काढून दिलं. एका सुट्टीत आली, बाप भिंतींचे पोपडे तपासत बसलाय हे तिने पाहिलं आणि निघायच्या आधी एका मोठ्या साइटवर त्यांच्या नावाने खातं उघडून गेली. भांडीबाजारातून काका भांडी निवडून आणतात. दुकानदार त्यांना येताना बघून आतला माल पुढे काढतात, कारण पुढचा माल काका मागेच सारतात. पहिला फोटो काढताना तांब्या डाव्या हातात, मोबाइल उजव्या हातात, तेव्हा अंगठा आपोआप आला. रेणू म्हणाली, राहू द्या बाबा, मापाला बरा. तिथून तो नियम झाला. फोटोत परातीएवढं दिसणारं निरांजन हातात वाटाण्याएवढं येतं, ही लोकांची नेहमीची तक्रार. काकांकडे त्या तक्रारीला जागाच नाही. अंगठा सगळ्यांनाच असतो, लावा आणि बघा.

वर्णनंही ते स्वतः लिहायचे. ‘तांब्या. तांब्याचा. पाणी राहतं. चिंचेने घासावा लागतो. आळशी माणसाने घेऊ नये.’ एवढंच. गंमत म्हणजे लोक घेत होते. मला वाटतं, आपण आळशी नाही हे दाखवायला घेत असावेत.

गेल्या उन्हाळ्यात रेणूचा मला मेसेज आला होता. वैशालीताई, बाबांच्या अंगठ्याला काय झालंय? मी समोर जाऊन बघितलं तर खरंच पट्टी होती, हंड्याची कड लागली होती. काही विशेष नाही, असं मी तिला कळवलं. काकांनी सांगितलं असेल, असं मला वाटलं आणि बापलेकीचं बोलणं वाढलंय म्हणून मला बरंही वाटलं.

मग पावसाळा सरताना साइटवर ती बुद्धिमान की काय म्हणतात ती यंत्रणा आली. आता विक्रेत्यांनी त्रास घेऊ नये, फोटो आणि वर्णनं मशीनच सुंदर करून देईल, असं पत्र आलं. काकांचा तांब्या एका रात्रीत ‘आपल्या आधुनिक जीवनशैलीला लाभलेला शाही वारशाचा झळाळता स्पर्श’ झाला. पळी-पंचपात्र संगमरवरी टेबलावर, शेजारी विदेशी चीज. हंडा तर एका तळ्याकाठी गेला होता, मागे बर्फाचे डोंगर. काका स्वस्थ असले की शुद्ध बोलतात, पण धक्का बसला की थेट कळवणला पोचतात. मोबाइल माझ्यापुढे धरून म्हणाले, ‘हाई काय शे?’

गिऱ्हाइकांच्या प्रश्नांनाही मशीनच उत्तरं देऊ लागलं. एका बाईंनी विचारलं, यात ताक ठेवलं तर चालेल का. मशीनने आनंदाने कळवलं, अवश्य, आपल्या कुटुंबासोबत ताज्या ताकाचा आस्वाद घ्या. तांब्यात ताक कळकतं, हे आपल्याकडे शाळेतल्या पोरीलाही ठाऊक असतं. काकांनी ताबडतोब खाली लिहिलं, ‘ताक ठेवू नका. वरचं उत्तर रिजेक्ट.’

इथपर्यंत त्यांनी चालवून घेतलं असतं. पण मशीनने अंगठा काढला. काढला तो काढला, काही फोटोंत त्या जागी एका बाईचे नाजूक हात आले, नखांना गुलाबी रंग लावलेले. काकांनी जुने फोटो परत चढवले. साइटने कळवलं की चित्रात शरीराचा भाग आढळला आहे, त्यामुळे ही वस्तू यादीत मागे जाईल. ‘आणि त्या बाईचे हात कशाचा भाग आहेत?’ असं त्यांनी मदत केंद्राला विचारलं. मदत केंद्रातही मशीनच बसलेलं. ते म्हणालं, आपली भावना आम्ही समजू शकतो. काकांनी पुन्हा लिहिलं, ते पुन्हा समजू शकलं. आठवडाभर हे चाललं. आमच्या सोसायटीत काकांसमोर इतका वेळ शांत राहिलेलं दुसरं कोणी नाही.

दिवाळी तोंडावर आली होती. घरात निरांजनांचे खोके रचलेले आणि ऑर्डरी थांबलेल्या. मी म्हटलं, काका, सोडा हट्ट. लोकांना छान दिसलेलं आवडतं. अंगठ्यापायी दुकान बुडवणार का? ते बराच वेळ त्या वाकड्या नखाकडे बघत बसले. मग म्हणाले, ‘रेणूने काढून दिलंय. बंद नाय पडलं पाहिजे.’ आणि माझ्यादेखत त्यांनी मशीनला होकार दिला. दुकानातले सगळे अंगठे एकदम गेले. खरं सांगते, मलाही चुकल्याचुकल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांच्याकडे खोक्यांवर चिकटपट्टी लावायला बसले होते. ऑर्डरी आल्या होत्या, काकांचा चेहरा मात्र पडलेला. तेवढ्यात फोन वाजला. रेणू. ही तिच्या ऑफिसची वेळ. काकांच्या दोन्ही हातांत निरांजनं, म्हणून त्यांनी फोन मला स्पीकरवर लावायला सांगितलं.

‘बाबा, अंगठा कुठे गेला?’

काका गोंधळले. साइटने काढला, म्हणाले.

‘तुम्ही बरे आहात ना? खरं सांगा. हात दाखवा मला.’

मी व्हिडिओ सुरू केला. काकांनी डाव्या हातातलं निरांजन खाली ठेवलं आणि शाळेतल्या मुलासारखा अंगठा पुढे धरला. पलीकडे रेणू रडत होती, आणि रडता रडता हसतही होती. मग तिने सांगितलं ते असं. रोज सकाळी ट्राममध्ये बसली की ती बाबांचं दुकान उघडते. नवीन भांडं चढलंय का बघते. चढलं असेल तर अंगठा बघते. नख कापलंय, म्हणजे ठीक चाललंय. पट्टी दिसली, तेव्हा तिला काम सुचेना, म्हणून तिने मला विचारलं होतं. फोनवर काय बोलावं हे कळत नाही, बाबा, ती म्हणाली, आई असती तर तिने विचारलं असतं. लहानपणी रस्ता ओलांडताना माझ्या मुठीत हा अंगठाच मावायचा.

काकांनी अंगठा खाली घेतला नाही. मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि चहाचं आधण ठेवलं. चांगलं भांडंभर ठेवलं, कारण फोन लवकर संपणार नाही असं दिसत होतं.

दिवाळीनंतर तडजोड निघाली, तीही मशीनच्याच कृपेने. तळ्याकाठचा हंडा बघून तो मागवणारे लोक, एवढासाच कसा निघाला म्हणून परत पाठवू लागले. मग साइटने दुसरा फोटो विक्रेत्याच्या मर्जीचा ठेवायची मुभा दिली. आता पहिल्या फोटोत बर्फाचे डोंगर असतात आणि दुसऱ्यात अंगठा. परत येणारा माल जवळजवळ थांबला.

परवा शनिवारी मी सहज दुकान उघडून बघितलं, तर नव्या समईच्या दुसऱ्या फोटोत अंगठा नव्हता. मागच्या आठवड्यात पंचपात्रातही नव्हता. काकांचं असं होत नाही. तब्येत ठीक आहे ना, म्हणून मी लगेच समोर गेले. काका खुर्चीत छान बसले होते. फोन पुढ्यात, नीट पुसून ठेवलेला.

‘काका, समईच्या फोटोत अंगठा राहून गेला.’

‘राहून गेला नाही, मुद्दाम काढलाय,’ ते म्हणाले. ‘तपासणी चालू आहे.’

कसली, असं मी विचारणार होते. तेवढ्यात फोन वाजला. काकांनी लगेच उचलला नाही. चकली बघतात तसं मान तिरकी करून त्यांनी पडद्यावरचं रेणूचं नाव बघितलं, काचेवरून सावकाश अंगठा फिरवला आणि म्हणाले, ‘पास.’