वाचायची बाजू वर

जेवणाच्या टेबलावरची भांडी हलवून चित्रकाराने तिथे पुठ्ठा पसरला, शेजारी गोंदाचा डबा ठेवला आणि आपलं पान दोन्ही हातांनी इतकं जपून उचललं, की बायको आपोआप हळू आवाजात बोलू लागली. पान वर्तमानपत्राचं होतं, रविवारचं. त्यावर एक्केचाळीस मासे होते. नऊ दिवस खपून काढलेले, एकाचे खवले दुसऱ्यासारखे नाहीत, आणि उजवीकडे तळाशी पानाचा पाव भाग अडवून बसलेला देवमासा.

वर्तमानपत्रांतली चित्रं आणि पानांची मांडणी यांची मोठी स्पर्धा होती. एका वर्तमानपत्राने एकच पान पाठवायचं, तेही छापील, पुठ्ठ्यावर चिकटवून. बावीस वर्षं चित्रं काढूनही चित्रकाराला कुणी साधं प्रशस्तिपत्रक दिलं नव्हतं, पण ते दुःख जुनं होतं. नवीन गोष्ट अशी, की संपादकांनी त्याला आठवड्यापूर्वी बोलावून सांगितलं होतं, "हे बघा, मालक विचारतायत, हे चित्रांचं पान हवंय कशाला. बक्षीस आलं तर पान तुमचं. नाही आलं, तर त्या जागेवर छोट्या जाहिराती." तेव्हापासून त्याला घास गोड लागत नव्हता.

पान पुठ्ठ्यावर टेकवणार, इतक्यात ऑफिसातून फोन आला. पहिल्या पानावरच्या नकाशात बाण उलटे पडले होते आणि धरणाचं पाणी डोंगर चढत होतं. "असाल तसे या," संपादक म्हणाले.

"आता काय करू?" चित्रकाराने कपाळाला हात लावला. "आज शेवटची तारीख आहे!"

"जावईबापू, तुम्ही निघा," सासरे बाहेरच्या खोलीतून म्हणाले. सासऱ्यांनी सगळी नोकरी टपाल खात्यात काढली होती. त्यांनी बांधलेलं पार्सल उघडायला माणसाला कात्री लागत असे आणि थोडा संयमही. आता निवृत्तीनंतर ते रोज सकाळी पेन्सिल घेऊन छोट्या जाहिराती वाचत. त्यांना काही विकत घ्यायचं नव्हतं, काही विकायचंही नव्हतं, पण चांगल्या जाहिरातीखाली रेघ ओढल्याशिवाय त्यांचा दिवस सुरू होत नसे. "चिकटवतो, बांधतो, पोचवतो. काळजीच सोडा."

संध्याकाळी चित्रकार परतला तेव्हा पाणी डोंगरावरून खाली आलं होतं आणि पार्सल रवाना झालं होतं. पोचपावती दिव्याखाली ठेवलेली होती.

"नीट चिकटलं ना, बाबा?"

"एक सुरकुती दाखवा," सासरे म्हणाले, "आणि नाव बदला माझं."

तीन आठवड्यांनी पत्र आलं. पहिलं पारितोषिक! चित्रकाराने ते उभ्यानेच वाचलं, मग बसून वाचलं, आणि मग बायकोला म्हणाला, "अगं, जरा मोठ्याने वाच बघू. मला काहीतरी होतंय."

बायकोने वाचलं. "'चित्राच्या मोहात अजिबात न पडता केलेली ही मांडणी आम्हांला थक्क करून गेली. साध्या माणसांच्या साध्या गरजांना इथे सारखाच मान मिळाला आहे. रकान्यांची शिस्त वाखाणण्याजोगी आहे. आणि उजवीकडे तळाशी मोकळी सोडलेली जागा, हे तर खरं धाडस.'"

चित्रकाराने पत्र तिच्या हातातून घेतलं आणि पाकिटावरचं आपलं नाव पुन्हा तपासलं.

"चित्राच्या मोहात न पडता म्हणजे काय?" चित्रकार म्हणाला. "एक्केचाळीस मासे आहेत! मोहात मी गळ्यापर्यंत बुडालोय."

"मासे म्हणजे साधी माणसं, असं घेतलं असेल त्यांनी," बायको विचार करून म्हणाली. "मोठी माणसं असंच काहीतरी घेतात."

"बरं. पण मोकळी जागा? उजवीकडे तळाशी देवमासा आहे, देवमासा!"

"अहो, फार मोठी गोष्ट कधीकधी दिसतच नाही माणसाला. तुम्हांला समोरचा चष्मा तरी कुठे दिसतो."

चित्रकाराला हे पटलं नाही, पण त्याच्यापाशी दुसरं काही नव्हतं. शिवाय रविवारचं पान जाहिरातींपासून बचावलं होतं. बक्षीस आलेलं असताना परीक्षकांना फोन करून "तुम्हांला मासे दिसले का?" असं विचारायची त्याची छाती झाली नाही. सासऱ्यांनी पत्र शांतपणे वाचलं आणि 'साध्या माणसांच्या' या शब्दांखाली पेन्सिलीने रेघ ओढली.

ऑफिसात संपादकांनी पत्र भर सभेत वाचून दाखवलं. त्यांनाही ते कळलं नव्हतं, पण न कळलेल्या गोष्टीवरून हुकूम सोडणं त्यांना वर्षानुवर्षांच्या सवयीने जमत असे. "ऐकलंत? उजवीकडे तळाशी मोकळी जागा! उद्यापासून प्रत्येक पानावर पाहिजे."

"प्रत्येक पानावर?" चित्रकार घाबरून म्हणाला. "साहेब, माझ्या पानावर तर तिथे..."

"विनय पुरे झाला. तुम्हीच शोधून काढलंत, आता तुम्हीच राबवा."

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्र मोकळ्या जागांसकट निघालं आणि सकाळपासून फोन सुरू झाले. एकाने विचारलं, बातमी दाबली का? एका आजींनी विचारलं, कुणी गेलंय का, फोटो यायचा राहिलाय का? एका गृहस्थांनी आभार मानले, त्यांना वाणसामानाची यादी लिहायला जागा मिळाली होती. तिसऱ्या दिवशी छापखान्यातल्या मुख्य कारागिराला वाटलं, काहीतरी गळून पडलंय. त्याने माणुसकीने सगळ्या मोकळ्या जागांत टायरची एक जुनी जाहिरात बसवली. त्यामुळे शोकसंदेशाखाली 'पुढचा प्रवास सुखाचा' असं छापून आलं आणि संपादकांना एका घरी जाऊन हात जोडावे लागले.

परतल्यावर ते चित्रकाराला म्हणाले, "तुमच्या पानावर हेच कसं शोभून दिसलं हो?"

"मलाही तेच कळत नाहीये," चित्रकार अगदी मनापासून म्हणाला.

त्याच्या शेजारच्या टेबलावर छोट्या जाहिरातींच्या बाई बसत. पंधरा वर्षं बसत होत्या. स्टीलची पट्टी, टोक काढलेली पेन्सिल आणि पुढ्यात कागदाच्या चिठ्ठ्या: हरवले, सापडले, भाड्याने देणे, शिकवणी, जुने फर्निचर. चित्रकार जाता-येता त्यांना म्हणे, "बाई, तुमचं बरंय. भरलं की झालं!" बाई हसत आणि पट्टी सरकवत. आता त्याने परीक्षकांचं पत्र त्यांच्यापुढेही धरलं. त्यांनी ते दोनदा वाचलं, पट्टीवर बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "चांगलं लिहिलंय."

बक्षीस समारंभ दुपारी होता. संपादक पहिल्या रांगेत, चित्रकार, बायको आणि सासरे तिसऱ्या रांगेत, आणि ऑफिसच्या गाडीत जागा उरली म्हणून आलेल्या बाई अगदी मागे. चित्रकाराच्या खिशात भाषण होतं. चित्रात सच्चेपणा कसा येतो यावर अडीच पानं.

"आणि प्रथम पारितोषिक!" निवेदिका म्हणाली. पडद्यावर भलं मोठं पान उमटलं.

छोट्या जाहिरातींचं पान होतं ते. चित्रकाराने कौतुकाने टाळ्या वाजवल्या. कुणाचं का असेना, चांगलं होतं. मग त्याच्या वर्तमानपत्राचं नाव पुकारलं गेलं, मग त्याचं. त्याने मागे वळून पाहिलं, कुणी उठतंय का. कुणीच उठेना. सगळे त्याच्याकडेच बघत होते.

"बाबा," तो पुटपुटला, "ही बाजू?"

"हीच की. बघा, एक सुरकुती नाही."

"अहो, पण मासे?"

"मासे मागे. वर्तमानपत्रांची स्पर्धा म्हणालात ना? म्हटलं, वाचायची बाजू वर पाहिजे. त्या बाजूला काय वाचणार, नुसते मासे!" सासरे समाधानाने म्हणाले. "जा आता, खोळंबलेत लोक."

चित्रकार मंचावर कसा पोचला ते त्याचं त्याला कळलं नाही. कुणीतरी हातात सन्मानचिन्ह दिलं, कुणीतरी ध्वनिक्षेपक पुढे केला. पहिल्या रांगेत संपादक पडद्याकडे न बघता हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवत होते. गप्प बसलं तर रविवारचं पान बचावत होतं. इथे आणखी कुणाच्या काही लक्षात आलेलं दिसत नव्हतं. खरं बोललं, तर बक्षीस जाहिरातींना मिळालं हे सिद्ध होणार होतं आणि रविवारी मासे, पक्षी, झाडं यांच्या जागी जुनी कपाटं येणार होती.

वेळ काढायला म्हणून त्याने पडद्याकडे तोंड केलं. आणि तो वाचायला लागला. एका आजोबांचं कानात घालायचं यंत्र बागेत हरवलं होतं. त्याच्या अगदी समोरच्या रकान्यात, त्याच ओळीत, कुणाला तरी बागेत एक यंत्र सापडलं होतं. राखाडी मांजर हरवलेल्या घराच्या जाहिरातीभोवती बोटभर जास्त जागा सोडली होती, का ते सांगता येत नव्हतं, पण नजर तिथेच थांबत होती. एवढ्या वर्षांत त्याने हे पान एकदाही वाचलं नव्हतं. त्याला एकदम फार लाज वाटली.

"हे पान माझं नाही," तो म्हणाला. "माझं याच्या मागे आहे."

सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. मुख्य परीक्षक डोळे पुसत शेजाऱ्याला म्हणाले, "किती खरं बोलला! कलाकार नेहमी कामाच्या मागेच उभा असतो."

"नाही हो!" चित्रकार ओरडला. "खरंच मागे आहे. पुठ्ठ्याला चिकटलंय. मासे आहेत!"

टाळ्या थांबल्या. परीक्षकांनी पुठ्ठा मागवला, उजेडाकडे धरला, नखाने एक कोपरा उचकटून पाहिला. सासऱ्यांचं चिकटवणं होतं ते, काही सुटलं नाही. शेवटी नियमांचं पुस्तक उघडण्यात आलं. जे पान समोर दिसतंय त्याच्या कर्त्याला पारितोषिक, असा नियम निघाला.

"कर्ता कोण?"

चित्रकाराने शेवटच्या रांगेकडे हात केला. बाई हातातली पिशवी खुर्चीवर ठेवून आल्या. बोला म्हटल्यावर म्हणाल्या, "ज्याचं हरवलंय त्याला पटकन दिसलं पाहिजे. ज्याला सापडलंय त्यालाही. एवढंच बघते मी. आणि ती खालची मोकळी जागा म्हणजे, त्या दिवशी एक जाहिरात कमी आली होती."

आता जो टाळ्यांचा आवाज झाला, त्यात चित्रकाराच्याही टाळ्या होत्या. बायकोने नंतर त्याला सांगितलं, तुम्ही सगळ्यांत शेवटी थांबलात.

दुसऱ्या दिवशी सकाळी संपादकांनी दोघांनाही खोलीत बोलावलं. त्यांनी चित्रकाराकडे बघायचं टाळलं. "बाई, अभिनंदन. आता ठरलं. रविवारचं ते पान यापुढे तुमच्याकडे. सगळ्या जाहिराती, एकही चित्र नाही."

चित्रकाराने खाली मान घातली. यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं.

"मला नाही जमायचं," बाई म्हणाल्या.

"का?"

"रविवारचं पान शनिवारी लावायचं असतं. शनिवारी मी अडीचला निघते."

"अडीचला?"

"कामावर लागले तेव्हाच तसं ठरलंय. जुन्या संपादकांशी. तुम्हांला माहीत असेलच."

संपादकांना काहीच माहीत नव्हतं, पण तसं कबूल करण्याची त्यांना सवय नव्हती. "हो, हो, माहीत आहे की," ते म्हणाले. त्यांनी हातातला कागद उलटसुलट केला, मालकांना काय सांगावं याचा विचार केला आणि शेवटी चित्रकाराकडे वळले. "मग काय, काढा तुमचे मासे. दुसरं कोण आहे?"

बाहेर आल्यावर चित्रकाराचा जीव भांड्यात पडला. तो जवळजवळ धावतच बाईंच्या टेबलापाशी गेला. "बाई, वाचलो बघा! बरं झालं तुम्ही शनिवारी लवकर जाता ते. मला कधी कळलंच नाही."

बाईंनी पट्टी उचलली, एक चिठ्ठी मोजली, तिच्यावर आकडा टाकला.

"शनिवारी मी सहाला निघते," त्या म्हणाल्या. "पंधरा वर्षं झाली. तुमच्या टेबलावरूनच जाते, आणि 'येते हं' म्हणून सांगूनही जाते."

बाईंनी पुढची चिठ्ठी घेतली.