एक खेकडा कमी आहे

सारसोळ्याच्या महापालिका शाळेत पाचवीचा गणिताचा तास रंगात आला होता. म्हणजे सयाजी सर चपला काढून, डोळे मिटून, बाकांमधून येरझाऱ्या घालत पाप-पुण्य सांगत होते. फळ्यावर ‘अपूर्णांक’ हे शीर्षक दिवाळीपासून होतं आणि त्याखाली फळा कोरा होता. सर मनाने चांगले, पण एकदा डोळे मिटले की घंटा झाल्याशिवाय उघडायचे नाहीत.

“मुक्या जिवाला बंधनातून सोडवतो, त्याला काशीचं पुण्य!”

पहिल्या बाकावरच्या जाईने हे फारच मनावर घेतलं. तिची आई गोजरा मासळी विकायची. पोरीला शिष्यवृत्ती मिळावी हा तिचा एकच ध्यास, आणि परीक्षा तोंडावर आलेली. दुसऱ्या दिवशी गुरुवार. गिऱ्हाईक कमी म्हणून गोजराने जिवंत खेकडे नांग्या बांधून शुक्रवारच्या बाजारासाठी मोरीत ठेवले होते. जाईने अख्खी टोपलीच उचलून शाळेत आणली. पुण्य सरांसमोर झालेलं बरं!

सरांनी डोळे मिटले, तशी तिने कात्री काढून दोरे कापले. टोपली कलंडली. बाकाखालून एकच खुडखुड सुरू झाली, पोरं बाकांवर चढली आणि सरांचा अनवाणी अंगठा एका नांगीत सापडला.

“अगं आई गं! कोण आहे तो?” सरांनी डोळे उघडले आणि पुढच्याच क्षणी ते टेबलावर होते.

एवढ्यात टोपली शोधत गोजरा दारात आली. आरडाओरडा ऐकून मुख्याध्यापिका पुतळाबाईही धावल्या.

“मावशी, धरा यांना! लवकर!” सर टेबलावरून ओरडले.

गोजराने पदर खोचला, पण जागची हलली नाही. “आज गुरुवार हाय, सर. जिवाला हात लावला तं पाप लागतं, असं तुमीच पोरांना सांगितलंय ना?”

“मी सांगतो, लावा! सगळं पाप माझ्या माथी!”

“पोरांनो, ऐकलंव ना?” म्हणत गोजरा वाकली. पाठीवर बोट दाबून एकेक खेकडा उचलत तिने बघता बघता टोपली भरली. मग कमरेवर हात ठेवून ती म्हणाली, “सर, देव आमच्या घरी हाय. रोज पूजा करतंय मी. अपूर्नांक नाय आमच्या घरी. त्यासाठी पोरीला हितं धाडतंय.”

सर चपलांकडे हळूच पाय सोडू लागले, तेवढ्यात गोजराने टोपलीत डोकावून पुतळाबाईंकडे पाहिलं. “बाई, एक कमी हाय. सगल्यांत मोठा.”

“असेल इथेच कुठेतरी,” पुतळाबाई गंभीरपणे म्हणाल्या. “जपून हं, सर.”

तेव्हापासून सरांच्या पायांत बूट आले. डोळे मिटायची सोय राहिली नाही, बाकांमधून फिरायची तर हिंमतच नव्हती. फळ्याजवळची जागा तेवढी सुरक्षित. तिथे नुसतं उभं राहून करणार काय? सर फळ्यावर लिहू लागले. अपूर्णांक संपले, दशांश सुरू झाले, आणि शिकवू लागल्यावर सर फार छान शिकवतात हे पोरांना पहिल्यांदाच कळलं.

एका संध्याकाळी भराभर गणितं सोडवता सोडवता जाई थांबली.

“आये, त्यो मोठा खेकडा तं तवाच टोपलीत होता. मी बघितला. तू खोटं बोललीस? पाप लागंल ना!”

“लागूं दे,” गोजरा म्हणाली. “सरांनी सगल्यांसमोर आपल्या माथी घेतलंय. तू गनित कर.”