पांघरुणांची प्रकृती उत्तम

वापरल्याने वस्तू झिजते आणि न वापरल्याने ती शिल्लक राहते. मानवी प्रगतीचा पाया एवढाच आहे. म्हणूनच ‘स्टोअर’ हा शब्द आपण इंग्रजीकडून घेतला आणि (स्वभावाप्रमाणे) परत केला नाही. घरात अडगळीचं स्टोअर, शाळेत चेंडूंना मुलांपासून वाचवणारं स्टोअर, मोबाइलमध्ये सहा हजार फोटोंचं स्टोअरेज, ज्यातला एकही कुणी पुन्हा पाहत नाही. पण या शब्दाचं खरं सार्थक पाहायचं तर कुलूपभाऊंकडे जावं.

कुलूपभाऊ म्हणजे इस्पितळाचे स्टोअरकीपर. (नाव नर्सबाईंनी ठेवलेलं, भाऊंना ते बिरुद वाटे.) त्यांच्या ताब्यात तीनशे बारा लोकरी पांघरुणं होती. बावीस वर्षांत एकही बाहेर गेलं नव्हतं. डांबराच्या गोळ्यांच्या वासात, घडीवर घडी, ती सुखाने नांदत होती. वॉर्डात थंडीने खोकणारे रुग्ण शेकडा चौऱ्याऐंशी. स्टोअरमध्ये खोकणारी पांघरुणं शून्य. पांघरूण मागायला तीन सह्यांचा अर्ज लागे, आणि तिसरी सही ज्या साहेबांची, ते पद अजून निर्माण व्हायचं होतं. भाऊंनी घेतला वसा कधी टाकला नाही.

आणि एका कडाक्याच्या सकाळी चार नंबर वॉर्डात त्यांचीच आई दाखल झाली. न्यूमोनिया.

“भाऊ, म्हातारी कुडकुडतेय हो,” नर्सबाई म्हणाल्या. “आता तरी उघडा.”

“अर्ज?”

“अहो, तुमची आई आहे ती!”

“म्हणूनच. उद्या लोक म्हणतील, घरच्यांनाच वाटली.”

त्यांनी बायकोला फोन करून घरातलं नवं पांघरूण मागवलं.

“ते पाहुण्यांचं आहे,” बायको म्हणाली. “सासूबाई काय पाहुण्या आहेत?”

या युक्तिवादाला तोड नव्हती.

भाऊ आईच्या उशाशी बसले. तिचे दात वाजत होते आणि भाऊंचा जीव तीळतीळ तुटत होता. तुटता तुटता त्यांना नियमातली फट दिसली. पांघरूण बाहेर द्यायला मनाई होती. माणूस आत घ्यायला नव्हती!

दहा मिनिटांत खाट स्टोअरमध्ये. रजिस्टरात नोंद झाली: ‘आई, लोखंडी खाटेसह, नग एक. स्थिती: जुनी, चालू.’ तिच्या अंगावर चार पांघरुणं पडली. संध्याकाळी तिने चहा मागितला.

मग काय, सगळा वॉर्ड लोटला! आठवड्यात एकशे सहा रुग्ण जमा झाले (हाडाचे खालच्या फळीवर, दम्याचे खिडकीशी). चार नंबर वॉर्ड रिकामा, म्हणून त्याला स्वच्छतेचं बक्षीस मिळालं.

दहाव्या दिवशी आई ठणठणीत झाली. “बाळा, घरी ने रे आता.”

भाऊंचा चेहरा उतरला. “आई, इथून काही बाहेर न्यायचं तर अर्ज लागतो. आणि ती तिसरी सही…”

“बरं, सही मिळाली समज. घरी काय घालशील माझ्या अंगावर?”

भाऊ जुडग्यातल्या किल्ल्या मोजू लागले.

“मग राहू दे,” आईने पांघरूण हनुवटीपर्यंत ओढलं. “इथं निदान कुणी जपून तरी ठेवलंय मला.”

वाचकांनी हसायला आमची ना नाही. फक्त त्याआधी उठून, आपल्या आईच्या अंगावर आत्ता काय आहे, तेवढं बघून यावं. आम्ही थांबतो.